‘जाऊ दे’ म्हणायचं नाही

नंदूदादा, ओरडले रे! मोरे ओरडले आज! ते गुळमुळीत मोरे, ज्यांना पाण्याची बाटली मागायची तरी “मॅडम, आपल्याला त्रास होणार नसेल तर” इथून सुरुवात करावी लागते, ते आज माझ्या कानाशी “विमाऽऽन!” असे किंचाळले की डोक्याला कळायच्या आधी माझा पाय ब्रेकवर होता. आणि आलं की रे विमान! आधी नाक, मग पंख, मग शेपूट, सगळं आपल्या काचेसमोरून सावकाश निघून गेलं. आणि आपली गाडी रेघेच्या अलीकडे. पूर्ण अलीकडे! चाक बोटभरसुद्धा पुढे नाही.

हे मी सांगू कुणाला? घरी आले, बूट न काढता नवऱ्याला सांगायला लागले. तो बोलला, “काही झालं नाही ना? मग बरं आहे. चहा टाक.” बघ आता. ज्याला हे ऐकून उड्या माराव्याशा वाटल्या असत्या असा एकच माणूस होता, आणि तो नेमका निघून गेला. म्हणून कोपरीच्या घरात गॅलरीत बसलेय आणि तुलाच सांगतेय. समोरची म्हातारी बघतेय माझ्याकडे, बघू दे. ओठ हलतायत माझे, तिला वाटत असेल फोनवर आहे.

तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन रविवारी आहे. पल्लवीचा फोन आलेला. “आत्या, बाबांवर दोन शब्द बोलशील ना?” दोन शब्द! तुझ्या लेकीला माहीत नाही ती कुणाला काय सांगतेय. मी माइक धरला तर भन्तेजींना घरी जायला गाडी मिळायची नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. तिथे बसलेल्यांना आधी आपलं काम समजावून सांगावं लागणार. तुझ्या टिटवाळ्याच्या शेजाऱ्यांना अजून वाटतं की तू विमानात फिरून जेवण वाढायचास. तूच कधी खरं सांगितलं नाहीस, लबाडा, मजा घेत बसलास. मग मलाच सांगावं लागेल की बाबांनो, आम्ही विमानात जेवण चढवतो. आमच्या ट्रकचा मागचा डबा उचलला जातो, थेट विमानाच्या दारापर्यंत, म्हणून त्याला हाय-लिफ्ट म्हणतात. चालवते मी. डावीकडच्या सीटवर नंदूदादा. वर गेल्यावर ट्रॉल्या तो ढकलायचा, पण त्याचं खरं काम ट्रक चालू असताना होतं.

कारण आमचा रस्ता विमानांच्या वाटेला आडवा जातो. विमान जमिनीवर स्वतःच्या चाकांवर चालत जातं, त्याला टॅक्सी करणं म्हणतात. आठवतं, हे तू तुझ्या शेजारच्या काकांना सांगायला गेलास तर ते काय बोलले? “विमानाला टॅक्सी कशाला लागते? पैसेवाल्यांची थेरं!” हसून हसून तुला ठसका लागलेला. तर त्या वाटेवर जिथे आमचा रस्ता येतो तिथे जमिनीवर रेघ मारलेली असते. त्या रेघेवर प्रत्येक गाडीनं थांबायचं. मान विमानाचा, नेहमी विमानाचाच. पायलट एवढ्या उंच बसलेला असतो की नाकाखालचं त्याला दिसत नाही, आणि एवढं धूड काही रिक्षासारखं कचकन थांबत नाही. उजवीकडचं मी बघायचं. डावीकडे मला काय दिसणार? तू, तुझं पोट आणि डब्याचा कोपरा. म्हणून डावी बाजू नंदूदादाची. त्याच्या शब्दावर मी गाडी काढणार. एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

आणि मग त्यांना आपलं पहिलं भांडण सांगीन. सांगू ना? सांगणारच.

तुझी-माझी जोडी लागून आठवडाही झाला नव्हता. दुपारचं ऊन, एसी चालू, काचा वर. रेघेवर थांबलेलो. मी उजवीकडे बघितलं, कोणी नाही. तुला विचारलं, “काय?” आणि तू, एकदम निवांत, मंडईत उभा असल्यासारखा, बोललास, “जाऊ दे.”

मी जाऊ दिली! गाडी! जाऊ दे म्हणजे गाडी जाऊ दे, आणखी काय? आणि तू केवढ्यांदा बोंबललास, “अगं त्याला! त्याला जाऊ दे!” डावीकडून विमान येत होतं ते तुला दिसत होतं, आणि तुझ्या मते तू मला थांबवलेलंस. दाबला मी ब्रेक, पण पुढची चाकं रेघेच्या पलीकडे गेलेली. विमानसुद्धा थांबलं. पुढे वाकून नमस्कार करावा तसं त्याचं नाक खाली गेलं आणि वर आलं. मागच्या ट्रॉल्यांमधले कप किणकिणत होते. तेवढा एकच आवाज मला ऐकू आला, इंजिनाचाही नाही. 

दोघांचेही पास काढून घेतले आणि पुन्हा वर्गात बसवलं, शाळेतल्या पोरांसारखं, एकाच बाकावर. शिकवणारे सर बाहेरचे, मराठी न कळणारे. त्यांनी विचारलं, गलती किसकी? आपण दोघांनी एकमेकांकडे बोट केलं. मग तू त्यांना समजवायला लागलास की साहेब, जाऊ दे म्हणजे ‘उसको जाने दो’. मी बोलले, नाही साहेब, जाऊ दे म्हणजे ‘जाने दो गाडी को’. सर एकदा तुझ्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. “एक ही वर्ड? स्टॉप भी वही, गो भी वही?” शेवटी कंटाळून तेही बोलले, “जाने दो.” आपण फुटलो हसायला. आणि त्यांना कळेचना आपण का हसतोय.

पण मी आजही सांगते, चूक तुझी होती. तू किती वर्षं एकच टुमणं लावलंस, “समोर विमान दिसत असताना कुठला शहाणा बोलेल की गाडी काढ?” अरे, तुला दिसत होतं! मला दिसत असतं तर तुला कशाला शेजारी बसवलं असतं, शोभेला? ह्याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. “जाऊ दे” बोलायला तोंड उघडायचास आणि जीभ चावायचास. कारण त्या दिवसानंतर तो शब्द आपण ट्रकमधून हद्दपार केला.

तू टिटवाळ्याहून लोकलनं कल्याणला यायचास, तिथून कंपनीची गाडी तुला उचलायची आणि मला कोपरीला. मी चढायचे तोपर्यंत तुझं डोकं चालून चालून गरम झालेलं असायचं. एकदा मी दार उघडते न उघडते तोच बोललास, “ड्रायव्हरीणबाई, ठरलं. विमान दिसलं की मी फक्त ‘विमान’ म्हणणार. थांब नाही, हो नाही, जरा नाही. विमान! आणि काही नसलं की ‘डावीकडे मोकळं’. तू आधी ‘उजवीकडे मोकळं’ म्हणायचं, मग मी. काचा खाली. एसी गेला खड्ड्यात.” मी बोलले, आणि तू काहीच नाही बोललास तर? तर तू बोललास, “तर थांब.”

इथे पेटलं आपलं दुसरं भांडण! कारण आमच्या कोळ्यांत उलटं असतं ना. माझा बापूस खाडीत होडी घालायचा. पुढच्या टोकाला जो उभा असतो तो दगड दिसला, दुसऱ्याची जाळी दिसली, तरच हाक मारतो. तो गप्प आहे म्हणजे पाणी मोकळं, चल पुढे. लहानपणापासून मी हेच बघितलेलं. गप्प माणूस म्हणजे सगळं ठीक. मी तुला तेच बोलले की सारखं काय ‘मोकळं, मोकळं’, काही असलं तर बोल, नाहीतर गप्प बस, मी जाते.

किती चिडलास तू! गाडीतले बाकीचे झोपलेले, ते जागे झाले. “मी गप्प का आहे ते तुला काय माहीत? डोळ्यात कचरा गेला असेल. ठसका लागला असेल. अगं, मी मेलो असलो तर? मी मेलोय शेजारी, म्हणून गप्प आहे, आणि तू समजणार मोकळं! निघणार मला घेऊन विमानाखाली?”

मी बोलले, मेल्यावर तुला काय फरक पडतो?

तू बोललास, “तुला पडतो ना, मूर्ख बाई.”

  म्हणून मग गप्प म्हणजे थांब. तेच राहिलं.

त्या नियमाचा तू अतिरेक केलास हेही मी रविवारी सांगणार आहे. पल्लवी घोडबंदर रोडच्या ऑफिसात लागली, पहिल्याच आठवड्यात चष्मा घरी विसरली, आणि तू तो घेऊन कोपरीला माझ्या दारात. “स्कूटी काढ.” काढली. मागे बसलास. ते ट्रॅफिक, दोन्ही बाजूंनी बस, कंटेनर, रिक्षा, आणि तू हेल्मेटच्या आतून ओरडतोयस, “डावीकडे मोकळं! नाही, विमान! विमान!” सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वर आभाळात बघायला लागली. एक बाई तर मला बोलली, “वडिलांना बरं नाहीये का?” वडील! तुझा चेहरा बघण्यासारखा झालेला. पण खरं सांगते, त्या दिवशी डावीकडून ती बस खरंच घुसली आणि तुझ्या ‘विमान’मुळे मी वाचले. हे मी तुला तेव्हा मुद्दाम नाही सांगितलं. डोक्यावर बसला असतास.

आता ते सांगते जे पल्लवी रविवारी बोलू देणार नाही. की देईल? तिच्या आईवर गेलीय ती, देईल.

तुझ्या दारात त्या दिवशी केवढी माणसं. तू मधे, पांढऱ्या कपड्यात, आणि चेहऱ्यावर काही नाही. न हसू, न वैताग. झोपेतच छाती बंद पडली म्हणे. मी आत आले तेव्हापासून माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. मी! सगळे माझ्याकडे बघत होते की ही अजून रडत कशी नाही. मग उचलायची वेळ झाली. कुंदावहिनी सोडेना. हात धरून बसलेली तुझा. तुझा मोठा मामा पुढे झाला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं बोलला, “कुंदा, सोड पोरी. जाऊ दे आता त्याला.”

आणि मी ओरडले! “जाऊ दे म्हणायचं नाही!”

अरे, आवाज कुणाचा? कोळणीचा! अख्खी आळी वळून बघायला लागली. मामा हात वर घेऊन तसाच. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. पण कुंदावहिनीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि दादा, ती हसली. डोळ्यांतून धारा आणि हसतेय. मामांना बोलली, “त्यांचा नियम आहे, मामा. ट्रकातला.” तू घरी सांगितलेलंस तर! सगळं सांगितलेलंस. मग आम्ही दोघी गळ्यात पडून जे रडलो ते विचारू नकोस. पण ‘जाऊ दे’ नाही म्हणायचं तर म्हणायचं काय, ते मला तेव्हा सुचलं नाही. तुला उचललं आणि मी नुसती बघत उभी राहिले.

कामावर आले तर साहेबांनी शेजारी मोरेंना बसवलेलं. डोंबिवलीचे, पॅकिंगमध्ये इतकी वर्षं काढलेले, स्वच्छ माणूस, खिशात घडी केलेला रुमाल. मी त्यांना सगळं शिकवलं. विमान, मोकळं, काचा खाली, गप्प म्हणजे थांब. त्यांनी मान डोलावली. आणि रेघेवर काय बोलावं? “मॅडम, मला वाटतं, डावीकडून बहुतेक एक विमान येत असावं.” अहो, एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते विमान डोंबिवलीला पोचेल! मी खेकसले की ते आणखी हळू बोलायचे. “कुणावर ओरडायची सवय नाही हो मॅडम.” मग मी काय करायचे, त्यांनी ‘मोकळं’ म्हटलं तरी सीटवरून उठून, वाकून, स्वतः डावीकडे बघायचे. सगळी बाजू दिसायची नाहीच, आणि तेवढ्यात उजवीकडचं बघायचं राहून जायचं. हे किती धोक्याचं आहे ते मला कळत होतं.  साहेबांना जाऊन सांगितलं, मी हाय-लिफ्ट सोडते, मला किचनमध्ये घ्या. ते बोलले, आठवडा संपू दे, मग बघू. मी गाडी चालवायला घाबरते, नंदूदादा! मी! हे ऐकून तू खदाखदा हसला असतास.

आणि आज. सकाळची गर्दी, डावीकडच्या बे-वर, विमानं उभी करतात तिथे, प्रवाशांची बस आडवी उभी, नेहमीपेक्षा रेघेच्या जवळ. रेघेवर थांबले. काचा खाली. आज ठरवलेलं की उठून बघायचं नाही, जे होईल ते होईल, पण माझी बाजू मी नीट बघणार. उजवीकडे नीट बघितलं. “उजवीकडे मोकळं.” मोरेंनी मान बाहेर काढली. “डावीकडे मोक...”

ब्रेक थोडा सैल सोडलेला मी.

“विमाऽऽन!”

बसच्या मागून निघालं ते. पोटाखालचा लाल दिवा लुकलुकतोय आणि एवढं मोठं नाक. बसमुळे कुणालाच दिसलं नसतं, तुलासुद्धा नाही, आधी. मोरेंना दिसलं त्या क्षणाला त्यांनी अख्ख्या आयुष्याची साठवलेली बोंब मारली. त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. विमान गेलं. त्याचा गरम वारा आत आला, रॉकेलसारखा वास, डोळे चुरचुरले. 

मोरे गप्प. पांढरे पडलेले, रुमाल हातात, तोंड उघडं. शब्द नाही. मी पण थांबले. मागे सामानाच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारला. मी थांबले. त्यानं डोकं बाहेर काढून हाक दिली, “ओ ताई, जाऊ दे ना आता!” नाही! नाही जाऊ देणार! शेजारचा गप्प आहे ना? मग थांब. आणि तेव्हा, दादा, त्या रेघेवर, हॉर्नच्या आवाजात मला तुझं ते बोलणं ऐकू आलं. मी मेलो असलो तर? अरे, तू मेलायस. खरंच मेलायस. तू गप्प झालास आणि मी नियम पाळतेय! त्या दिवसापासून पाळतेय. टिटवाळ्याहून आले आणि तशीच उभी राहिलेय, ब्रेकवर पाय ठेवून. रडायला लागले तिथेच. मोठ्यानं रडले.

मोरेंनी माझ्याकडे बघितलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी त्या माणसाला मी जन्मभर मानेन. त्यांनी चष्मा वर केला, मान पुन्हा बाहेर काढली, पार बसच्या मागेपर्यंत बघितलं, आणि खणखणीत आवाजात बोलले, “डावीकडे मोकळं.” ‘मॅडम’ नाही, ‘बहुतेक’ नाही. मी डोळे पुसले, उजवीकडे पुन्हा बघितलं आणि गाडी काढली. काय हलकी गेली रे गाडी!

जेवण चढवून खाली आलो तर मोरे विचारतात, “मॅडम, मी जरा जास्त मोठ्यानं बोललो का?” मी त्यांना माझ्या डब्यातलं सुकट दिलं. खातात ते! डोंबिवलीत घरी चालत नाही म्हणे, बाहेर खातात. तू असतास तर त्यांना वर्षभर पुरेल एवढं छळलं असतंस.

साहेबांना सांगून आले, किचनबिचन काही नको. उद्या हाय-लिफ्ट माझीच आणि डावीकडे मोरेच.

म्हणजे तुझे शब्द जिवंत आहेत, कळलं? तुझी जागा कुणी घेतली नाही, रागावू नकोस. तुझी बाजू कुणीतरी बघतंय, एवढंच. आणि ते पहिलं भांडण काही मिटलेलं नाही. चूक तुझी होती. वर भेटलास की पुढचं बोलू, तोपर्यंत उत्तर शोधून ठेव.

रविवारी मी येतेय. दोन शब्द बोलायचेत ना, तेही आता सापडलेत. दोन नाहीत, थोडे जास्त आहेत. त्या दिवशी तुझ्या दारात जे म्हणायला हवं होतं आणि जमलं नाही, ते तुझ्या फोटोसमोर उभी राहून म्हणणार आहे. मामा असतील, वहिनी असेल, अख्खी आळी असेल. मोठ्यानं म्हणणार आहे, विमानाच्या आवाजातही ऐकू जाईल असं.

मी नीट बघितलंय, नंदूदादा. माझी बाजू पण आणि तुझी पण. उजवीकडे मोकळं. डावीकडे मोकळं. नीघ तू.